प्राथमिक शाळेतील सांस्कृतिक वैविध्य आणि समावेशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत सांस्कृतिक वैविध्याचा विषय निघाला की पालक, शिक्षक आणि व्यवस्थापन समितीचे सदस्य यांच्याकडून साधारणपणे तेच ते प्रश्न येतात. काही शंकेपोटी असतात, काही काळजीपोटी, आणि थोडे ‘हे सगळे आणखी कशाला?’ अशा वैतागापोटी. तिन्ही प्रकारच्या प्रश्नांचा येथे विचार केला आहे. प्रश्न सारख्या वजनाचे नसल्यामुळे उत्तरेही सारख्या लांबीची नाहीत.

आमच्या शाळेत वेगवेगळ्या पार्श्वभूमीची मुले शिकतात. एवढ्याने शाळा सर्वसमावेशक ठरत नाही का?

ठरत नाही. निरनिराळ्या घरांतली मुले एका वर्गात येतात ती प्रवेशप्रक्रियेमुळे. त्यांपैकी प्रत्येकाला तो वर्ग आपला वाटावा, हे मात्र शाळेला प्रयत्नपूर्वक घडवून आणावे लागते. वैविध्य हजेरीपटावर दिसते. समावेशन तपासायचे तर जिथे सहसा कोणी पाहत नाही अशा जागा पाहाव्या लागतात : स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन दरवर्षी कोणाकडे जाते, उत्तर चुकल्यावर कोणाला दुसरी संधी मिळते, मधल्या सुट्टीत कोण एकटे बसते, आणि कोणते पालक पालकसभेत शेवटच्या रांगेत बसून एक शब्दही न बोलता घरी जातात.

संस्कृती म्हणजे केवळ धर्म, पेहराव आणि सण एवढेच येथे अभिप्रेत नाही. घरात बोलली जाणारी भाषा, स्थलांतराचा इतिहास, कुटुंबाची रचना, मोठ्यांशी बोलण्याची रीत, हे सारे त्यात येते, आणि वर्गात गैरसमज होतात ते बहुधा या चटकन न दिसणाऱ्या गोष्टींवरूनच. शिक्षक बोलत असताना मान खाली घालून उभे राहणारे मूल एखाद्या शिक्षकाला काहीतरी लपवणारे वाटते. ते मूल प्रत्यक्षात घरी शिकवल्याप्रमाणे मोठ्यांचा मान राखत असते.

इतक्या लहान वयात मुलांना हे भेद कळतात का? आपणच ते बोलून दाखवले, तर नसलेला भेदभाव त्यांच्या मनात शिरणार नाही का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्यामागची काळजी प्रामाणिक असते. परंतु मुलांना भेद दिसतच नाहीत, हे त्यामागचे गृहीतक टिकत नाही. तान्ह्या बाळांच्या अभ्यासांत असे आढळले आहे की, नवजात बाळे चेहऱ्यांमध्ये वंशानुसार फरक करीत नसली, तरी जेमतेम तीन महिन्यांची होईपर्यंत ती सभोवती नेहमी दिसणाऱ्या वंशगटाच्या चेहऱ्यांकडे अधिक वेळ पाहू लागतात. ज्या बाळांच्या अवतीभवती एकाहून अधिक वंशगटांची माणसे वावरतात, त्यांच्यात हा कल दिसत नाही. याला पूर्वग्रह म्हणता येणार नाही, कारण तो निव्वळ परिचयाचा परिणाम आहे. मात्र त्या परिचयावर मोठ्यांच्या जगातले अर्थ चढायला फार वर्षे लागत नाहीत.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने १९४० च्या दशकात तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे केवळ रंगाने भिन्न असलेल्या बाहुल्या ठेवून त्यांना काही साधे प्रश्न विचारले. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली ‘चांगली’ म्हणून उचलली. शाळांमधील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ मधील निकालाच्या तळटिपेत क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे. त्या मुलांना हे कोणी वर्गात बसवून शिकवले नव्हते. ते त्यांनी अवतीभवतीच्या जगातून टिपले होते.

मोठी माणसे गप्प राहिली तरी मुले निष्कर्ष काढायची थांबत नाहीत, आणि ‘याविषयी बोलायचे नसते’ हाच बहुधा त्यांचा पहिला निष्कर्ष असतो. पहिली-दुसरीच्या मुलांपुढे इतिहासातील अन्यायाची जड चर्चा करावी, असे कोणी सुचवत नाही. या वयात ‘हे बरोबर नाही’ ही जाण विलक्षण तीव्र असते. खेळात एखाद्याला घेतले नाही, एखाद्याच्या नावाची टर उडवली गेली, अशा रोजच्या प्रसंगांतून बोलणे सुरू केले की पुरते.

वर्षातून एखादा दिवस उत्साहाने साजरा केला, तर तेवढे पुरेसे नाही का?

दिवस साजरा करण्यात गैर काहीच नाही. युनेस्कोने २ नोव्हेंबर २००१ रोजी सांस्कृतिक वैविध्याविषयीचा जाहीरनामा स्वीकारला आणि पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २१ मे हा दिवस त्या विषयासाठी मुक्रर केला. २१ फेब्रुवारीचा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन २००० सालापासून पाळला जातो. त्यामागे १९५२ साली ढाक्यात बंगाली भाषेच्या हक्कासाठी प्राण गमावलेल्या आंदोलकांची स्मृती आहे. मुलांना समजेल अशा शब्दांत ही पार्श्वभूमी सांगितली, तर तो दिवस नुसता रंगीबेरंगी कागदांचा राहत नाही.

अडचण दुसऱ्या दिवशी सुरू होते. बहुसांस्कृतिक शिक्षणाचे अभ्यासक जेम्स बँक्स यांनी अभ्यासक्रमात हा विषय कोणकोणत्या पातळ्यांवर येतो, याची चार टप्प्यांची मांडणी केली आहे. पहिल्या टप्प्यावर सण, थोर व्यक्ती आणि कलाप्रकार यांपुरतीच दखल घेतली जाते. दुसऱ्यावर मूळ आराखडा तसाच ठेवून त्याला एखादा धडा किंवा प्रकरण जोडले जाते. तिसऱ्या टप्प्यावर विषयाची मांडणीच बदलते आणि एकच घटना वा संकल्पना अनेक समाजांच्या नजरेतून पाहिली जाते. चौथ्यावर मुले स्वतः प्रश्न ओळखून त्यावर काही कृती करतात. बऱ्याच शाळा पहिल्या टप्प्यावर फोटो काढून थांबतात, हे म्हणणे कटू वाटेल. पण शाळांचे दर्शनी फलक पाहिल्यास त्यात फारशी अतिशयोक्ती आढळणार नाही.

तिसरा टप्पा प्राथमिक शाळेला झेपणार नाही, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. कालमापन शिकवताना सौर कालगणनेबरोबर चांद्र कालगणनाही समोर ठेवली, आणि बारा चांद्र महिन्यांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते हे मुलांनी स्वतः वजाबाकी करून पाहिले, तर काही सणांच्या तारखा दरवर्षी का सरकतात, याचे उत्तर त्यांना गणितातूनच मिळते. ‘त्यांचे सण विचित्र वेळी येतात’ हे वाक्य मग वर्गात सहसा ऐकू येत नाही.

तरीही असा दिवस साजरा करायचा असेल, तर कोणती पथ्ये पाळावीत?

पहिले पथ्य असे की, ज्यांच्याविषयी कार्यक्रम आहे ती माणसे नियोजनात पहिल्या बैठकीपासून असावीत. पत्रिका छापून झाल्यावर ‘तुमच्याकडचे काहीतरी सादर करा’ असा निरोप धाडणे म्हणजे त्यांना सजावटीत जमा करणे होय. दुसरे असे की, एखाद्या समाजाचा पेहराव इतर मुलांना वेशभूषा म्हणून चढवू नये. जे वर्गाला गंमतीचे सोंग वाटते, ते त्याच वर्गातील एखाद्या मुलीच्या आजीचे रोजचे कपडे असू शकतात. तिसरे, समाजांचे चित्रण आजच्या काळातले असावे. एखाद्या समूहाविषयी मुलांना केवळ शेकडो वर्षांपूर्वीच्या झोपड्या आणि आयुधेच दाखवली गेली, तर तो समूह आता उरलेलाच नाही असा त्यांचा समज होतो, मग त्यातलेच एक मूल शेजारच्या बाकावर का बसलेले असेना.

देशवार किंवा समाजवार कक्ष मांडण्याची पद्धत बरीच रूढ आहे, पण ज्या मुलाचे आई आणि वडील वेगवेगळ्या समाजांतून आलेले आहेत त्याने कोणत्या कक्षात उभे राहावे, याचे उत्तर त्या मांडणीत नसते. त्यापेक्षा अंगाईगीते, मैदानी खेळ, नावे ठेवण्याच्या रीती, पाहुण्याचे स्वागत असे विषयवार कक्ष मांडले, तर प्रत्येकाला कुठेही काहीतरी मांडता येते. खाद्यपदार्थ ठेवायचे असल्यास प्रत्येकापुढे घटकांची यादी लावावी. ॲलर्जी आणि धार्मिक पथ्ये या दोन्हींसाठी ती आवश्यक आहे.

आणि कोणत्याही मुलाला त्याच्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून उभे करू नये. ज्याला आपणहून सांगावेसे वाटते त्याला वेळ द्यावा. ज्याला वाटत नाही त्याला इतरांसारखे प्रेक्षकांत बसू द्यावे.

आमच्या शाळेतील जवळजवळ सर्व मुले एकाच समाजातील आहेत. मग आम्हांला या सगळ्याची गरज काय?

गरज अधिकच आहे, कारण अशा शाळेत मुलांना वेगळ्या माणसांचा प्रत्यक्ष अनुभव मिळत नाही आणि त्यांच्या कल्पना ऐकीव गोष्टींवर पोसल्या जातात. शिवाय ‘सगळे सारखेच’ हे चित्र जरा जवळून पाहिले की विरते. कोणी आजी-आजोबांकडे वाढत असते, कोणाच्या घरी प्रमाणभाषेपेक्षा वेगळी बोली असते, कोणाचे आईवडील कामानिमित्त दर काही महिन्यांनी गाव बदलतात. अशा वर्गाने आधी हे आतले वैविध्य न्याहाळावे आणि मग पुस्तके किंवा दुसऱ्या शाळेतील वर्गाशी पत्रव्यवहार यांच्या मदतीने बाहेर पाहावे.

मुलाच्या नावाच्या उच्चाराला एवढे महत्त्व का द्यायचे?

कारण हजेरी ही शाळेत मूल दररोज ऐकत असलेली पहिली गोष्ट असते. नवीन मूल वर्गात आले आहे, त्याचे नाव शिक्षकांना अपरिचित आहे, ते दोनदा अडखळतात, वर्ग हसतो, आणि शिक्षक सहज म्हणून जातात, “जाऊ दे, आपण तुला छोट्या नावानेच हाक मारू.” हेतू चांगला असतो. त्या मुलाला मात्र आपले नाव इतरांना त्रासदायक आहे, एवढाच बोध होतो, आणि काही आठवड्यांनी ते स्वतःच ते छोटे नाव सांगू लागते.

याऐवजी शिक्षकांनी पहिल्या दिवशी वर्ग भरण्यापूर्वी मुलाला किंवा पालकांना नाव म्हणून दाखवायला सांगावे, आपल्या लिपीत उच्चाराप्रमाणे हजेरीपटात टिपून ठेवावे, आणि वर्गापुढे अडखळलेच तर “थांब, मला नीट म्हणू दे” असे म्हणून पुन्हा प्रयत्न करावा. शिकणारा मोठा माणूस पाहायला मिळणे हे बाकीच्या वर्गालाही उपयोगाचे असते. मुलाला टोपणनाव खरोखरच आवडत असेल, तर ते त्याने सुचवावे, शाळेने नव्हे. प्रवेशअर्जातील रकानेही याच दृष्टीने तपासून घ्यावेत : प्रत्येक समाजात आडनाव असतेच असे नाही, आणि प्रत्येक घरात वडिलांचेच नाव पहिले लिहिले जावे असाही नियम नाही.

मुलाने लवकर रुळावे म्हणून पालकांनी घरीही शाळेचीच भाषा बोलावी का?

हा सल्ला शिक्षकांकडून अत्यंत सद्भावनेने दिला जातो आणि तो बहुतांशी चुकीचा असतो. मूल पहिल्या भाषेत जे वाचन, तर्क आणि आकलन कमावते, ते दुसऱ्या भाषेत शिकताना कामी येते, हे कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी दीर्घकाळ मांडले आहे. पालकांना शाळेची भाषा तुटपुंजी येत असेल, तर त्या भाषेतून घरात होणारे बोलणेही तुटपुंजेच राहते : ‘जेव’, ‘झोप’, ‘अभ्यास कर’. गोष्ट सांगणे, कारण समजावणे, थट्टा करणे हे सगळे त्या सल्ल्यापायी थांबते, आणि मुलाची भाषेची शिदोरी आटते. पालकांना जी भाषा सर्वांत सहज येते, तिच्यात त्यांनी मुलाशी भरपूर बोलावे आणि शक्य असल्यास वाचावे, हाच सल्ला योग्य ठरतो.

कमिन्स यांच्या मांडणीतील दुसरा भाग शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. खेळताना, बोलताना लागणारी भाषा मुले साधारण दोनेक वर्षांत आत्मसात करतात. पाठ्यपुस्तकात आणि परीक्षेत लागणारी भाषा समवयस्कांच्या बरोबरीने यायला मात्र पाच किंवा त्याहून अधिक वर्षे लागू शकतात. मैदानावर फडाफड बोलणारे मूल विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत मागे पडले, की ‘लक्ष देत नाही’ किंवा ‘बुद्धीच कमी’ असे निदान करण्याची घाई होते. त्या मुलाला आधार हवा असतो तो या पाठ्यपुस्तकी भाषेचा : चित्रे, आकृत्या, शब्दसूची, जोडीदाराशी चर्चा आणि विचार करायला अधिक वेळ.

नव्याने आलेली काही मुले सुरुवातीचे काही महिने जवळजवळ बोलतच नाहीत. ती ऐकत असतात, जुळवाजुळव करीत असतात. त्यांना सर्वांसमोर बोलण्याची सक्ती करू नये. बोट दाखवणे, चित्र काढणे, मान हलवणे ही उत्तरेच मानावीत. मौन फारच लांबले किंवा मूल घरच्या भाषेतही बोलेनासे झाले, तर मात्र तज्ज्ञांकडे जाणे टाळू नये.

वर्गातील पुस्तके निवडताना काय पाहावे?

बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली पुस्तकांना आरसा आणि खिडकी यांची उपमा दिली : मुलाला स्वतःचे आयुष्य दाखवणारे पुस्तक हा आरसा, दुसऱ्याचे आयुष्य दाखवणारे ती खिडकी. ज्या मुलांना कायम खिडक्याच मिळतात, त्यांना आपण गोष्टीत येण्याजोगे नाही असे वाटू लागते, आणि ज्यांना केवळ आरसेच मिळतात त्यांना जग आपल्यापुरतेच असल्याचा भ्रम होतो. फडताळावरील पुस्तके या कसोटीवर तपासायला एक दुपार पुरते. गोष्टीत समस्या कोण सोडवतो आणि कोणाची सोडवली जाते, हे पाहावे. विशिष्ट समाजाची पात्रे फक्त दुःखाच्या किंवा सणाच्याच गोष्टींत येतात का, हे पाहावे. व्हीलचेअर वापरणारी मुलगी हरवलेले मांजर शोधते आहे आणि गोष्ट पूर्णपणे मांजराविषयीच आहे, अशी पुस्तके दुर्मीळ असतात; सापडली की घेऊन ठेवावीत.

शाळेत धार्मिक सण साजरे करावेत की सगळेच बंद करावेत?

सगळे बंद करणे हा सोपा मार्ग आहे, आणि त्याने मुले एकमेकांविषयी काहीच शिकत नाहीत. उपयोगी पडते ती सीमारेषा अशी : धर्माविषयी माहिती देणे हे शिक्षण आहे, तर धर्माचे आचरण करवून घेणे हे शिक्षण नाही. एखादा सण कोण पाळतात, का पाळतात आणि त्या दिवशी घरात काय घडते, हे सर्व मुलांना सांगता येते. प्रार्थना म्हणायला लावणे, विधीत सहभागी करणे किंवा श्रद्धेची कबुली द्यायला लावणे हे मात्र ज्यांची ती श्रद्धा नाही त्यांच्यावर अन्याय करणारे ठरते. ‘काही लोक असे मानतात’ हा शब्दप्रयोग सर्व धर्मांसाठी सारखाच वापरावा. बहुसंख्याकांची श्रद्धा वस्तुस्थितीच्या सुरात आणि इतरांची कथेच्या सुरात सांगितली जाते, हे आपल्या लक्षातही येत नाही. ज्या घरांत कोणताच धर्म पाळला जात नाही, त्या घरांतील मुलेही वर्गात आहेत याचे भान असावे.

देशोदेशींचे कायदे याबाबतीत वेगवेगळे आहेत, त्यामुळे शाळेने आपल्याकडील तरतुदी तपासून घ्याव्यात. सर्वांना करता येण्याजोगे काम मात्र एक आहे : वर्षारंभीच सर्व कुटुंबांकडून त्यांच्या महत्त्वाच्या दिवसांची यादी मागवून ती वार्षिक नियोजनाशी ताडून पाहणे. चाचणी परीक्षा, सहल किंवा क्रीडास्पर्धा कोणाच्या सर्वांत मोठ्या सणावर येत असेल, तर ती बदलणे जूनमध्ये सोपे आणि ऐन वेळी अशक्य असते. उपवास करणाऱ्या मुलांना त्या काळात मैदानी तासाऐवजी काय करता येईल, याचाही विचार तेव्हाच व्हावा.

एखाद्या मुलाने वर्गात टोचणारा प्रश्न विचारला किंवा शेरा मारला, तर शिक्षकांनी काय करावे?

आधी कुतूहल आणि हिणवणे यांत फरक करावा. दुसरीतला एक मुलगा शेजारणीच्या हाताकडे पाहून मोठ्याने विचारतो, “बाई, हिचा हात एवढा काळा का?” वर्ग एकदम शांत होतो. “असे बोलू नये” म्हणून गप्प केले, तर काळा रंग ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे, हे दोघांनाही कळून चुकते. त्याऐवजी बाई म्हणू शकतात, “आपल्या सगळ्यांच्या त्वचेत मेलॅनिन नावाचा रंग असतो. तुझ्यात तो थोडा कमी, हिच्यात थोडा जास्त. उन्हापासून त्वचा जपायला त्याची मदत होते. पण दुसऱ्याच्या शरीराबद्दल असे सगळ्यांसमोर बोलले की त्याला अवघडल्यासारखे होते, म्हणून पुढच्या वेळी मला हळूच विचार.” एवढे बोलून पाठ पुढे न्यावा, आणि नंतर त्या मुलीशी एकटीशी दोन शब्द बोलावेत.

हिणवण्याच्या हेतूने शेरा मारला गेला असेल, तर मात्र तो त्याच क्षणी थांबवावा. ज्याला बोलले गेले त्याच्याकडे आधी जावे. बहुतेक वेळा सगळे लक्ष बोलणाऱ्याकडेच जाते आणि दुखावलेले मूल बाजूला राहते. “माफी माग” असे सर्वांसमोर म्हणवून घेण्यापेक्षा बोलणाऱ्या मुलाला ते शब्द कुठून मिळाले हे समजून घेणे, काय नुकसान झाले हे त्याच्याकडून वदवून घेणे आणि ते भरून काढण्यासाठी तो काय करील हे ठरवणे अधिक फलदायी असते. ‘गंमत होती’ हे स्पष्टीकरण स्वीकारू नये. असे पुन्हा घडल्यास तारीखवार नोंद ठेवून दोन्ही घरच्या पालकांना कळवावे आणि प्रकरण मुख्याध्यापकांपर्यंत न्यावे.

मुलांना एकत्र बसवले की मैत्री आपोआप होत नाही का?

नुसत्या एकत्र बसण्याने फारसे घडत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये अशा संपर्कातून पूर्वग्रह कमी होण्यासाठी चार परिस्थिती अनुकूल असल्याचे मांडले : समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्परांच्या सहकार्याची गरज आणि अधिकारी व्यक्तींचा पाठिंबा. २००६ साली पाचशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा संपर्काने पूर्वग्रह सर्वसाधारणपणे कमी होतात आणि या परिस्थिती असल्यास परिणाम अधिक होतो, असे दिसून आले.

वर्गात हे कसे आणायचे याचे सुंदर उदाहरण १९७१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात सापडते. तेथील शाळांमध्ये वर्णविभाजन नुकतेच संपले होते आणि वर्गांत तणाव होता. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पाठाचे तुकडे करून गटातील प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. ज्यांच्याकडे सारखाच तुकडा आहे ती वेगवेगळ्या गटांतील मुले आधी एकत्र बसून तो समजून घेतात, मग आपापल्या गटात परतून इतरांना शिकवतात, आणि शेवटी सर्वांची चाचणी संपूर्ण पाठावर होते. ज्याची भाषा अडखळती म्हणून टर उडवली जात होती, त्याच्याकडेच आता चाचणीत येणारा एक भाग असतो. त्याला चिडवण्यापेक्षा नीट प्रश्न विचारण्यात इतरांचा फायदा असतो. या पद्धतीला साहित्य लागत नाही, पूर्वतयारी मात्र लागते, आणि पहिल्या एक-दोन वेळा वर्गात गोंगाट होणार हे गृहीत धरावे.

‘माझे कुटुंब’ किंवा वंशवृक्ष यांसारख्या गृहपाठांना काही हरकत आहे का?

विषयाला नाही, साच्याला आहे. आई, वडील आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा अशा छापील चौकटी भरायला दिल्या की दत्तक मूल, पालक गमावलेले मूल, एकट्या पालकाकडे वाढणारे मूल, संस्थेत राहणारे मूल आणि युद्ध किंवा आपत्तीतून निसटून आलेले मूल यांना रिकामी चौकट घेऊन वर्गात यावे लागते. ‘लहानपणीचा फोटो आणा’ हेही तसेच. काही घरांत असा फोटो नसतोच. ‘माझी काळजी घेणारी माणसे’ असा विषय कोऱ्या कागदावर दिला, तर शिकण्याचा हेतू साधतो आणि कोणाचेही गुपित वर्गापुढे उघडे पडत नाही.

दिव्यांग मुलांचा विचार या विषयात येतो का?

येतो. स्पेनमधील सालामांका येथे जून १९९४ मध्ये झालेल्या परिषदेत ९२ देशांच्या सरकारांनी आणि २५ आंतरराष्ट्रीय संस्थांनी सर्व मुलांनी एकत्र शिकावे या तत्त्वाचा पुरस्कार केला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या २००६ मधील दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराच्या २४ व्या कलमाने समावेशक शिक्षण हा हक्क म्हणून मांडला. सांकेतिक भाषा बोलणाऱ्या समाजाची स्वतःची संस्कृतीही आहे. व्यवहारात एवढे पाहावे की, वैविध्याचा कार्यक्रम जिथे आहे त्या मंचावर चढायला उतार आहे, आवाज आणि दिव्यांचा मारा सहन न होणाऱ्या मुलांसाठी शांत खोली आहे, आणि कार्यक्रमाच्या भूमिका वाटताना ही मुले केवळ टाळ्या वाजवायला उरलेली नाहीत.

काही पालक सभांना येतच नाहीत. त्यांना रस नाही, असे समजावे का?

तसे समजण्यापूर्वी सभेची वेळ, सूचनेची भाषा आणि सभेतील बोलण्याचा सूर तपासावा. रोजंदारीवर किंवा पाळीत काम करणाऱ्या पालकांना दुपारी अकराची सभा म्हणजे बुडालेली मजुरी असते. सूचना समजली नाही तर विचारण्याचा संकोच असतो. ज्यांना स्वतःला शाळेत अपमान सोसावा लागला, त्यांना शाळेच्या फाटकातून आत येणेही सोपे नसते.

१९९० च्या सुमारास लुईस मोल आणि सहकाऱ्यांनी ॲरिझोनातील टूसान येथे शिक्षकांनाच मेक्सिकन वंशाच्या श्रमिक कुटुंबांच्या घरी पाठवले, तेही तक्रार सांगायला नव्हे, तर शिकायला. शेती, बांधकाम, व्यापार, औषधी वनस्पती यांचे किती ज्ञान त्या घरांत आहे हे शिक्षकांनी पाहिले आणि त्यावर वर्गातील पाठ बेतले. घरभेटी शक्य नसतील, तर पालकसभेची सुरुवात ‘तुमच्या मुलाबद्दल आम्हांला काय माहीत असायला हवे?’ या प्रश्नाने करता येते.

दुभाष्या म्हणून मुलालाच उभे करू नये. स्वतःच्या प्रगतीविषयी किंवा वागणुकीविषयी आईवडिलांना सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर पडते. ते अर्धे गाळते, किंवा प्रामाणिकपणे सगळे सांगून घरी बोलणी खाते. भाषा जाणणारे दुसरे पालक, त्यांची संमती आणि गोपनीयतेची हमी घेऊन, हा अधिक बरा पर्याय आहे.

‘हे आमच्या मूल्यांच्या विरोधात आहे’ असा आक्षेप पालकांनी घेतला तर?

आक्षेप ऐकून घ्यावा आणि नेमका कशाला आहे, ते विचारावे. पुष्कळदा तो ऐकीव माहितीवर असतो आणि प्रत्यक्ष पाठ दाखवल्यावर निवळतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचे २९ वे कलम येथे उपयोगी पडते, कारण मुलामध्ये स्वतःचे आईवडील, स्वतःची भाषा आणि मूल्ये यांच्याविषयी आदर निर्माण करणे आणि आपल्याहून वेगळ्या संस्कृतींविषयी आदर निर्माण करणे, ही दोन्ही उद्दिष्टे त्यात शेजारी शेजारी येतात. कोणत्याही मुलाला स्वतःची श्रद्धा सोडायला सांगितले जाणार नाही, हे शाळेने निःसंदिग्धपणे सांगावे. आणि वर्गातील दुसऱ्या मुलाचे अस्तित्वच झाकून ठेवावे, अशी मागणी असेल तर ती तितक्याच निःसंदिग्धपणे नाकारावी.

अभ्यासक्रम पूर्ण करायलाच वेळ पुरत नाही आणि निधीही नसतो. हे कसे जमवायचे?

वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टी आधीच चाललेल्या कामांत बसतात : हजेरी, गृहपाठ, गटकाम, वार्षिक नियोजन. वेगळा खर्च मुख्यतः पुस्तकांवर आणि भाषांतरावर होतो. निधी अगदी मोजका असेल, तर तो एका दिवसाच्या मंडपाऐवजी या दोहोंवर खर्चावा.

आपण योग्य मार्गावर आहोत, हे कसे ओळखावे?

कार्यक्रमांची संख्या मोजून ते कळत नाही. आठवडाभर मधल्या सुट्टीत कोण कोणाबरोबर खेळते याची साधी नोंद ठेवावी आणि सहा महिन्यांनी पुन्हा तशीच नोंद घेऊन ताडून पाहावे. शिक्षा, गैरहजेरी, बक्षिसे आणि नेतृत्वाच्या जागा कोणत्या मुलांच्या वाट्याला येतात, याची वर्षभराची आकडेवारी शाळेच्या दप्तरात असतेच. ती एकदा गटवार लावून पाहिली की अनेक गोष्टी बोलू लागतात, काही बऱ्यापैकी गैरसोयीच्याही. पालकांकडून निनावी अभिप्राय त्यांच्या भाषेत मागवावेत. मुलांनाही विचारावे, कारण स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा अधिकार त्याच बालहक्क कराराच्या १२ व्या कलमाने त्यांना दिला आहे. ‘शाळेत तुला सर्वांत सुरक्षित कुठे वाटते आणि कुठे जावेसे वाटत नाही?’ असे विचारून शाळेचा नकाशा रंगवायला दिला, तर पहिलीतील मूलही अचूक उत्तर देते. नकाशावर स्वच्छतागृहाच्या मागची जागा किंवा बसच्या मागच्या रांगा बऱ्याच मुलांनी लाल केल्या असतील, तर पुढील सत्रात तिथे मोठ्या माणसाची नेमणूक करावी आणि तोच नकाशा मुलांकडून पुन्हा रंगवून घ्यावा.